कळ कोणाच्या हाती?

पियानो ह्या विलायती वाद्यावर आणि त्याला जोडलेल्या विजेच्या यंत्रांवर बोलण्याचा आम्हाला अधिकार काय, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढची विद्या आम्ही लेथवर, युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर मिळवली. सुरांचे ज्ञान म्हणाल, तर भजनी मंडळातल्या पेटीपलीकडे आमची मजल नाही. तरीही व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला. कारण तो वरवर संगीताचा असला, तरी आत शिरल्यावर आमच्या नेहमीच्याच प्रश्नाशी येऊन थांबतो. तो प्रश्न असा: यंत्र माणसाच्या मागून चालते, की माणूस यंत्राच्या मागून?

विषय आमच्याकडे आला तो असा. युनियनच्या कचेरीत एका तरुण कामगाराने आम्हाला आपल्या मोबाइलवर एक वादन ऐकवले. पियानो वाजत होता. पण वादकाने बोटे उचलल्यावरही सूर थांबत नव्हता. तो फुगत होता, दुभंगत होता, खोलीभर फिरून परत येत होता. आम्ही म्हटले, "हे मागाहून मिसळलेले दिसते." तो म्हणाला, "नाही साहेब, हे जागच्या जागी होते. तो वाजवतो आणि यंत्र त्याच क्षणी त्याचा सूर घेऊन बदलते." आम्ही चमकलो. त्या दिवसापासून ह्या कलेचा मागोवा घेत गेलो आणि अखेर एका माणसापाशी येऊन ठेपलो. त्याचे नाव डेव्हिड ट्यूडर. आजची हकीकत मुख्यतः त्याचीच आहे.

आधी पियानोची ओळख करून घेतली पाहिजे. इटलीतील फ्लॉरेन्स शहरी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने इसवी सन 1700 च्या सुमारास हे वाद्य घडवले. पट्टी दाबली की आत तरफा हलतात, एक हातोडी तारेवर जाऊन आदळते आणि लगेच मागे सरते. ती मागे सरली नाही, तर तार वाजायच्या ऐवजी दबून जाईल. क्रिस्तोफोरीची सारी करामत ह्या मागे सरण्यात आहे. आजच्या मोठ्या पियानोला 88 पट्ट्या असतात, आणि तारांचा एकूण ताण 18 ते 20 टनांच्या घरात जातो. तो पेलण्यासाठी आत बिडाची भक्कम चौकट बसवलेली असते. म्हणजे पियानो हेच मुळी एक यंत्र आहे, आणि तेही चांगले अवजड यंत्र.

ह्या यंत्रात एक मोठी उणीव आहे. पेटीवाला भाता दाबून सूर वाढवतो, गवई श्वासाच्या बळावर सूर फुगवतो. पियानोवाल्याचे तसे नाही. हातोडी तारेवरून निघाली की सूर त्याच्या हातून गेला. तो सूर मधेच तोडता येतो, तुटेपर्यंत घुमू देता येतो. पण वाढवता येत नाही, वळवता येत नाही. जन्मल्या क्षणापासून तो विझतच जातो. बंदुकीतून सुटलेल्या गोळीसारखी त्याची गत असते. विजेची यंत्रे पियानोला येऊन भिडली, ती नेमकी ह्या ठिकाणी.

परंतु वाजवणाऱ्यांचा विजेच्या यंत्रांशी पहिला संबंध आला, तो मैत्रीचा नव्हे. 1927 साली अमेरिकेत 'द जॅझ सिंगर' हा बोलपट आला. तोवर मूकपटाच्या थिएटरात पडद्याखाली वादकांचा ताफा बसत असे. पुढच्या चारदोन वर्षांत त्यांतले हजारो वादक बेकार झाले. तिथल्या वादकांच्या युनियनने वर्तमानपत्रांतून डबाबंद संगीताविरुद्ध जाहिरातींची मोहीम उघडली. ती फुकट गेली. मग जेम्स पेट्रिलो हे त्या युनियनचे अध्यक्ष असताना, 1 ऑगस्ट 1942 पासून सभासदांनी ग्रामोफोन कंपन्यांसाठी वाजवायचे बंद केले. आपलीच तबकडी रेडिओवर वाजते आणि आपल्याच भावाचे काम जाते, हे गाऱ्हाणे होते. बड्या कंपन्या 1944 च्या नोव्हेंबरात नमल्या. विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम युनियनच्या फंडात पडू लागली, आणि त्यातून बेकार वादकांना जाहीर मैफलींचे काम मिळू लागले.

हा संप यशस्वी झाला, असे आम्ही कामगार चळवळीतली माणसे म्हणू. म्हणावेच. पण एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. युनियनने यंत्राच्या कमाईत वाटा मागितला आणि मिळवला; यंत्राची कळ मात्र मागितली नाही. ती कंपनीच्या हाती होती तिथेच राहिली. हे वाक्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. शेवटी आम्हाला ते स्वतःवरच लावायचे आहे.

आता ट्यूडरकडे वळू. डेव्हिड ट्यूडर ह्यांचा जन्म 20 जानेवारी 1926 रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. लहान वयातच ते चर्चमधला ऑर्गन वाजवू लागले, आणि मागाहून पियानोकडे वळले. त्यांच्या हाताची तयारी अशी की, इतरांनी अशक्य म्हणून बाजूला ठेवलेली नवी रचना त्यांच्याकडे यावी आणि त्यांनी ती वाजवून दाखवावी. फ्रेंच रचनाकार पियेर बुलेझ ह्यांचा दुसरा सोनाटा अमेरिकेत प्रथम वाजला तो 1950 च्या डिसेंबरात, ट्यूडर ह्यांच्या हातून. ती रचना नीट उमगावी म्हणून ते फ्रेंच भाषा शिकले. आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी शिकलो, त्यामुळे ह्या गोष्टीचे आम्हाला विशेष अप्रूप वाटते. जॉन केज ह्यांची 'चार मिनिटे तेहतीस सेकंद' ही रचना 29 ऑगस्ट 1952 रोजी वुडस्टॉकजवळ प्रथम सादर झाली. तिच्यात वादकाने एकही सूर वाजवायचा नसतो. पियानोचे झाकण लावून आणि उघडून तिचे भाग दाखवत स्तब्ध बसलेला माणूस ट्यूडरच होता. जर्मन रचनाकार कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन ह्यांनीही आपल्या काही पियानोरचना त्यांनाच अर्पण केल्या. थोडक्यात, त्या काळी नव्या पियानोसंगीतात ट्यूडर ह्यांच्या तोडीचा हात क्वचितच होता.

11 जून 1960 रोजी कलोन शहरात स्टॉकहाउझेन ह्यांची 'कोंटाक्टे' ही रचना झाली. पियानोवर ट्यूडर, तालवाद्यांवर क्रिस्टोफ कास्केल, आणि तिसरा भागीदार म्हणजे चुंबकीय फीत. विजेच्या उपकरणांतून निर्माण केलेले आवाज त्या फितीवर आधीच भरून ठेवलेले होते. रचना थोर मानली जाते आणि तिच्या थोरवीबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण ज्याने कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर काम केले आहे, त्याला तिथली गोम चटकन कळेल. फीत थांबत नाही. वादकाचे बोट घसरले, त्याला एखादा सूर अंमळ जास्त घुमू द्यावासा वाटला, सभागृहात कोणी खोकले, तरी फीत आपल्या गतीने पुढे जाते. तिच्याशी जुळवून घ्यायचे ते माणसाने. पट्ट्यावर जॉब येत राहतात आणि कामगार त्यांच्या मागे धावतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे धावणारा जगातला एक उत्तम पियानोवादक होता.

त्याच सुमारास ट्यूडर दुसरीकडे निराळेच काही करत होते. 1960 साली केज ह्यांनी 'कार्ट्रिज म्यूझिक' नावाची रचना केली. ग्रामोफोनची सुई ज्या डोक्यात बसवतात ते डोके घ्यायचे, सुईच्या जागी तारेचा तुकडा, काडी, पीस असे काहीही खोचायचे, आणि त्याला स्पर्श होताच जो बारीक आवाज होतो तो लाउडस्पीकरमधून ऐकवायचा. ट्यूडर ह्यांनी ही डोकी आणि चिकटवायचे मायक्रोफोन थेट पियानोच्या पोटात नेले. केज ह्यांची 1961 सालची 'व्हेरिएशन्स टू' ही रचना त्यांनी अशा रीतीने वाजवली की, पियानो पूर्वीचा उरलाच नाही. तारेला नुसता ओझरता स्पर्श झाला, तरी सभागृह हादरे. लाउडस्पीकरचा आवाज परत तारांवर येई, तारा पुन्हा थरथरत, तो थरथराट पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरे.

ही भानगड श्रोत्यांना नवी नाही. सभेत वक्ता माइक घेऊन कर्ण्यापुढे गेला की कर्णा किंचाळतो आणि सगळे कानांवर हात ठेवतात. कर्ण्यातून निघालेला आवाज माइकमध्ये, माइकमधला पुन्हा कर्ण्यात, असे ते चक्र असते. आपण धावत जाऊन ते तोडतो. ट्यूडर ह्यांनी ते तोडले नाही; त्याला माणसाळवले. कळ किती फिरवली तर किंचाळी फुटेल आणि किती ठेवली तर सूर नुसता तरंगत राहील, ही सीमारेषा त्यांनी हाताने शोधून काढली. हातोडी निघून गेल्यावर सूर वादकाच्या हातून जातो, ही जी पियानोची अडीचशे वर्षांची उणीव, ती इथे भरून निघाली. सूर सुटल्यावरही त्याची दोरी वादकाच्या हाती राहिली. आणि ती राहिली ह्याचे कारण यंत्र बोलके झाले हे नव्हे, तर कळ फिरवणारा हात वाजवणाऱ्याचाच होता हे होय. आमच्या मते सगळ्या इतिहासाचे मर्म ह्या एका गोष्टीत आहे.

पुढे ट्यूडर आणखी दूर गेले. 1966 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका प्रचंड लष्करी कवायतगृहात दहा कलावंत आणि सुमारे तीस इंजिनियर ह्यांनी मिळून नऊ रात्री प्रयोग केले. इंजिनियर बहुतेक बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतले. तिथे ट्यूडर ह्यांनी बँडोनिऑन हे भात्याचे वाद्य वाजवले. नात्याने ते आपल्या पेटीचे चुलत भावंडच. त्याच्या सुरांवर त्या वास्तूतले लाउडस्पीकर आणि दिवे चालत होते. 1968 साली मर्स कनिंगहॅम ह्यांच्या नृत्यासाठी त्यांनी 'रेनफॉरेस्ट' रचले. त्यात लाउडस्पीकरचा कागदी पडदा काढून टाकून त्याची धडधड सरळ निरनिराळ्या वस्तूंना जोडलेली असते; जी वस्तू जशी घडली असेल, तशी ती बोलते. आमचे टर्नर लोक धातूवर टिचकी मारून त्याची जात ओळखतात, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. ह्या सुमारास ट्यूडर ह्यांनी जाहीर पियानोवादन जवळजवळ सोडून दिले. हातात डाख द्यायची कांडी घेऊन ते स्वतःची लहान लहान यंत्रे जोडू लागले. टेबलावर त्यांचा पसारा मांडायचा, एकाची तार दुसऱ्यात खुपसायची, आणि ह्या कारखान्यासमोर उभे राहून वाजवायचे, असा त्यांचा क्रम 13 ऑगस्ट 1996 रोजी मृत्यू येईपर्यंत चालला. ती यंत्रे आज अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही झटकून टाकणार नाही. ज्या माणसाच्या बोटांत एवढी कला होती, त्याने ती टाकून तारा जोडत बसावे, हे नुकसान नव्हे काय? वीस वर्षे घासून तयार झालेला हात यंत्रापुढे निकामी होतो तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरतो. आणि इथे माणूस आपण होऊन हात टाकतो, त्याची आम्ही वाखाणणी कशी करावी? ह्या प्रश्नाने आम्हाला बरेच दिवस छळले. आमची समजूत अशी झाली की, त्यांनी हात टाकला नाही, हाताची जागा बदलली. पियानोवर कमावलेले ऐकणे, थांबणे, नेमक्या क्षणी पकडणे, हे सगळे त्यांनी बरोबर नेले. यंत्राने त्यांना हाकलले नव्हते. ते स्वतःच्या पायांनी यंत्राच्या आत गेले. हाकलले जाणे आणि आत जाणे ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरी पियानोरसिकांना हळहळ वाटते, ती खोटी म्हणता येत नाही.

ह्या हकीकतीचा एक धागा आपल्या बाजूलाही आला आहे. 1964 साली कनिंगहॅम ह्यांची नृत्यमंडळी जगाच्या दौऱ्यावर निघाली, तेव्हा केज आणि ट्यूडर त्यांच्यासोबत होते. ही मंडळी मुंबईत आली, अहमदाबादेसही गेली. अहमदाबादेत त्यांचे यजमान साराभाई कुटुंब. ह्या घराण्यातल्या गीता साराभाई पखवाज शिकलेल्या. 1946 साली त्या न्यूयॉर्कला गेल्या असता त्यांनी केज ह्यांना हिंदुस्थानी संगीताची तत्त्वे शिकवली आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतले. पुढे 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विजेच्या संगीताची कार्यशाळा उभारायचे ठरले, तेव्हा ती बसवून देण्यासाठी ट्यूडर आले. मूग नावाचे सूर निर्माण करणारे यंत्र तिथे बसवण्यात आले. गीताबेन आणि आणखी काही भारतीय मंडळींनी त्यावर फिती तयार केल्या. थोड्याच वर्षांत काम थंडावले. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश संगीतकार पॉल पर्गस ह्यांनी त्या हुडकल्या आणि 2023 साली त्यांतल्या काही प्रसिद्ध झाल्या.

साराभाई हे नाव ऐकल्यावर कामगार चळवळीतल्या माणसाला आधी निराळेच काही आठवते. 1918 साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी 35 टक्के वाढीसाठी लढा दिला. गांधीजींनी त्यात उपोषण केले. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूला त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. गीताबेन ह्या अंबालालांच्या कन्या. म्हणजे ज्या कुटुंबात कामगारांच्या पगारवाढीवरून भाऊ-बहीण समोरासमोर उभे राहिले, त्याच कुटुंबाच्या पुढच्या पिढीने ट्यूडर ह्यांना यंत्र बसवायला बोलावले. ह्यातून मोठा सिद्धान्त काढण्याचा आमचा विचार नाही. इतिहास कधी कधी असे धागे एकाच साच्यावर चढवतो, एवढेच.

ट्यूडर ह्यांनी पियानो मागे ठेवला, पण पियानो आणि वीज ह्यांची जोडी तुटली नाही. स्टॉकहाउझेन ह्यांनी 1970 साली 'मांत्रा' रचले. अल्फोन्स आणि अलॉयस कोंटार्स्की ह्या दोघा भावांनी ते त्या वर्षीच्या ऑक्टोबरात डोनाउएशिंगेन येथे प्रथम वाजवले. दोन पियानो, आणि प्रत्येकाजवळ एक यंत्र. ह्या यंत्राचे गणित शाळकरी पोरालाही समजेल. ते दोन सुरांची बेरीज आणि वजाबाकी करते. यंत्रात सेकंदाला 220 कंपनांचा सूर लावून ठेवला आणि पियानोवरही तोच वाजवला, तर बेरीज 440 आणि वजाबाकी शून्य. म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, अगदी निर्मळ. पण शेजारची पट्टी, सुमारे 233 कंपनांची, दाबली, तर बेरीज 453 आणि वजाबाकी 13. सूर खरखरीत होतो, थरथरतो. तंबोऱ्याच्या षड्जाशी गवयाचा सूर जवळ येतो, दूर जातो, तसा हा खेळ आहे. आणि लावून ठेवलेला सूर बदलायचा कोणी? ती तबकडी पियानोवादकाच्याच हाताशी असते. 'कोंटाक्टे'तली फीत आपल्याच गतीने पुढे जात होती; इथे यंत्र वादकाच्या स्पर्शाची वाट पाहते.

1988 साली फ्रेंच रचनाकार फिलिप मानूरी ह्यांचे 'प्लुटॉन' आले, तेव्हा आणखी एक पाऊल पडले. पॅरिसच्या इर्काम ह्या संगीत-संशोधन केंद्रात मिलर पकेट ह्यांनी त्यासाठी मॅक्स नावाची संगणकप्रणाली सिद्ध केली. संगणक पियानोवादकाच्या पट्ट्यांवर लक्ष ठेवतो, तो रचनेत कुठवर आला हे ओळखतो, आणि त्याप्रमाणे सुरांवर प्रक्रिया करतो. वादक रेंगाळला तर संगणक थांबतो, वादकाने घाई केली तर संगणक सावरून घेतो. 1996 साली पकेट ह्यांनी अशीच दुसरी प्रणाली, प्युअर डेटा, विनामूल्य खुली करून दिली. आज एक साधा लॅपटॉप आणि दोन मायक्रोफोन घेऊन कुठलाही होतकरू वादक हे प्रयोग करू शकतो. मोबाइलवर आम्ही ऐकलेले वादन ह्याच घराण्यातले.

आता स्वतःची गोष्ट सांगून थांबतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात संगणकावर चालणारे लेथ आले. आम्ही तिथल्या युनियनचे चिटणीस होतो. वाटाघाटी महिनाभर चालल्या. आम्ही कामावरून कोणाला काढू दिले नाही आणि पगारवाढही घेतली. फटाके वाजले. करारात एक कलम आम्ही घालायला हवे होते: नव्या यंत्राचा प्रोग्रॅम लिहिण्याचे शिक्षण जुन्या टर्नरांना मिळाले पाहिजे. मसुद्यात ते होते. व्यवस्थापनाने म्हटले, ते सोडा, शंभर रुपये जास्त देतो. आम्ही ते सोडले. आमच्या खात्यात एक वयस्क टर्नर होते. लेथच्या आवाजावरून टूल झिजल्याचे ते दहा पावलांवरून सांगत. नव्या यंत्रावर त्यांना जॉब चढवणे, दार लावणे आणि हिरवे बटण दाबणे एवढेच काम उरले. आत टूल कण्हत असे, ते त्यांना ऐकू येई, आणि कळ त्यांच्या हाती नसे. ते आम्हाला कधी काही बोलले नाहीत. निवृत्त होताना हात जोडून गेले. त्या हात जोडण्याची आम्हाला अजून टोचणी आहे.

आम्ही तेव्हा ट्यूडरचे नाव ऐकले असते तर शहाणे झालो असतो, असा दावा आम्ही करत नाही. पण आज पुन्हा नवी यंत्रे दारात उभी आहेत. ती ऐकतात, शिकतात. ट्यूडर ह्यांनीच 1990 च्या दशकाच्या आरंभी मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावर बेतलेली एक चिप हाताळून वाजवली होती, तिचीच ही पुढली भावंडे. येत्या महिन्यात एका कारखान्यात आमची बोलणी आहेत. मागण्यांच्या यादीत पगारवाढ आहेच; ती असायलाच हवी. पण ह्या खेपेस शिक्षणाचे कलम आम्ही यादीच्या तळाशी नव्हे, अगदी वर लिहिले आहे, आणि त्याची किंमत कोणी विचारली तर ते विकाऊ नाही असे सांगायचे ठरवले आहे.